एकाच अपघाताचे दोन दावे

भूल उतरल्यावर माझ्या नवऱ्याने डोळे उघडले आणि विचारलं, "मॅडम कशा आहेत?"

मी त्याच्या उशाशी बसले होते. सकाळी शाळेत पहिला तास चालू असताना फोन आला होता आणि तेव्हापासून मी अंबरनाथच्या त्या हॉस्पिटलात होते. कितीतरी कागदांवर सह्या केल्या होत्या, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खुर्चीवर ताठ बसून राहिले होते. मांडीचं हाड मोडलं होतं, आत रॉड घातला होता, डावा खांदा निखळला होता. हे सगळं मी त्याला हळूच सांगायचं ठरवलं होतं. त्याने ते विचारलंच नाही.

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं.

"नक्की?"

"नक्की. झोप आता."

मॅडम म्हणजे त्याच्या कंपनीच्या अकाउंट्समधल्या बाई. कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. प्रॉडक्शनमधल्या एका सहकाऱ्याची गाडी होती आणि माझा नवरा, मॅडम आणि तो सहकारी असे तिघं पेट्रोल वाटून घेत रोज एकत्र जायचे. आम्ही कात्रपमध्ये राहतो, मॅडम बदलापूर गावात. लग्न केलं नव्हतं, भावांच्या घरी राहायच्या. त्यांच्याबद्दल मला तोवर एवढीच माहिती होती. मॅडमना उशीर झाला म्हणून निघायला उशीर झाला, मॅडमच्या घरून वालाच्या शेंगा आल्या, असं काहीतरी कानावर यायचं. वालाच्या शेंगांची भाजी मीच केली होती आणि चांगली झाली होती.

त्या सकाळी अंबरनाथच्या अलीकडे एक गाडी डावीकडच्या फाट्यावरून न थांबता थेट मोठ्या रस्त्यावर आली आणि यांच्या गाडीच्या डाव्या कुशीत घुसली. चालवणारा सहकारी उजवीकडे होता, त्याच्या कपाळाला टाके पडले, तेवढंच. माझा नवरा पुढे डावीकडे होता, मॅडम त्याच्या बरोबर मागे. दोन्ही दारं आत दबली आणि दोघं अडकले. पत्रा कापायला माणसं येईपर्यंत बराच वेळ गेला. मॅडमचा खुबा मोडला होता आणि गुडघ्याची वाटी फुटली होती.

हे मला तिथे मदत केलेल्या एका टपरीवाल्याने सांगितलं. तो माणुसकीने संध्याकाळी विचारपूस करायला हॉस्पिटलात आला होता. जाताना म्हणाला, "ताई, त्या मागच्या बाईंनी वाचवलं बघा साहेबांना. स्वतः अडकलेली, पण मागून हात घालून यांचा खांदा धरून ठेवला होता. सारखी बोलत होती यांच्याशी. झोपू देत नव्हती."

मी त्याचे आभार मानले. मग दुसऱ्या मजल्यावर जाऊन बायकांच्या वॉर्डात मॅडमना पाहून आले. त्या झोपल्या होत्या. चेहरा सुजला होता, केसांत काचेचे बारीक कण होते. या बाईने माझ्या नवऱ्याला जागं ठेवलं, याचं मला बरं वाटायला हवं होतं. मला मात्र सारखं एकच वाटत राहिलं, ही काय बोलत होती त्याच्याशी?

त्याला विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं. असंच."

*

घरी आल्यावर त्याचं सगळं मी केलं. अंघोळ, कपडे, बेडपॅन, मग वॉकर. शाळेत बिनपगारी रजा टाकली. तो तक्रार करत नसे. दुखलं की भिंतीकडे बघायचा. मी विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणायचा, "नाही."

आणि फोनवर तो मॅडमशी बोलायचा तेव्हा मात्र सगळं सांगायचा.

मी स्वयंपाकघरात असायची, तो बाहेरच्या खोलीत. "आज खुब्यात ठणका आहे का? माझी मांडी तर नुसती पेटलीय." मग तिकडून काहीतरी यायचं आणि हा हसायचा. अपघातानंतर माझ्यासमोर तो एकदाही तसा हसला नव्हता. ढग भरून आले की आधी फोन वाजायचा. कुणाचं हाड आधी सांगतं पावसाचं, यावर त्यांची पैज लागायची. मी धडधाकट होते. मला काहीच ठणकत नव्हतं, आणि त्या दोघांच्या बोलण्यात शिरायला माझ्याकडे एकही मोडकं हाड नव्हतं.

हे वाचून कुणाला वाटेल, मला भलताच संशय आला होता. तसं नव्हतं. संशय आला असता तर सोपं झालं असतं, भांडता आलं असतं. माझा नवरा कसा आहे ते मला माहीत आहे. पण त्या गाडीत जे झालं ते त्या दोघांचं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात आमच्या दोघांचं असं काय होतं, हे मी भांडी घासताना आठवू लागले. बाहेरगावी शिकायला असलेल्या मुलीचा जन्म आठवला. तेव्हाही तो बाहेर उभा होता.

दाव्याचं कंपनीतल्या कुणीतरी सुचवलं. समोरच्या गाडीच्या विम्यावर भरपाईचा दावा लावायचा. त्यासाठी उल्हासनगरच्या एक वकीलबाई चांगल्या, असं कळलं. कॅम्प तीनमध्ये, खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर त्यांचं ऑफिस. साठीच्या सिंधी बाई, पांढरे केस, डोळ्यांवर जाड चष्मा. खालच्या शिलाई मशीनचा धडधडाट जमिनीतून पायांना जाणवायचा. तिथे आम्ही तिघं गेलो. नवरा काठी घेऊन, मॅडम वॉकर घेऊन आणि मी दोघांच्या फायली घेऊन.

"दोन दावे लागतील," वकीलबाई म्हणाल्या. "अलग अलग. पण तुम्ही दोघं एकमेकांचे साक्षीदार. आता सांगा, काय झालं? शुरू से."

दोघांनी सांगायला सुरुवात केली. तो अर्धं वाक्य बोलायचा, उरलेलं मॅडम पूर्ण करायच्या. काच आधी फुटली की आवाज आधी आला, यावर दोघं थांबले आणि एकदमच म्हणाले, "आवाज." वकीलबाई हसल्या. मी फायलीची नाडी बोटाला गुंडाळत बसले होते.

मग दारं दबल्याचा भाग आला. मॅडम म्हणाल्या, "मी तेव्हा समोर बघत होते."

"नाही गं," माझा नवरा म्हणाला, "तू डोळे मिटले होतेस. मी आरशात पाहिलं ना."

गं. तू.

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने चटकन काठी या हातातून त्या हातात घेतली. मॅडम खाली बघू लागल्या. वकीलबाई लिहीत होत्या, त्यांना यात काहीच वावगं दिसलं नाही. आमचं ठरल्यावर मला अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायला त्याला किती आढेवेढे घ्यावे लागले होते. लग्नानंतरही चारचौघांत त्याची जीभ अडखळायची.

परतताना शेअर रिक्षात मी कडेला बसले. तो म्हणाला, "थकलीस का?" मी म्हणाले, "नाही." त्याच्यासारखंच, भिंतीकडे बघावं तसं रस्त्याकडे बघत.

*

विमा कंपनीचं म्हणणं आलं की दोघंही पुन्हा कामावर रुजू झालेत, तेव्हा कायमचं असं नुकसान काही झालेलं नाही. वकीलबाईंनी आम्हाला पुन्हा बोलावलं.

"एक्स-रे से हड्डी दिखती है," त्या म्हणाल्या. "जगणं नाही दिसत. घरात काय बदललं ते घरच्या माणसाने येऊन सांगावं लागतं. इनके लिए तो भाभी आहेत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग मॅडमकडे वळल्या. "तुमच्यासाठी कोण येईल?"

मॅडम म्हणाल्या, "भाऊ नाही येणार. त्यांना कोर्टाचं नाव नको. म्हणतात, आपल्याला काय कमी आहे? जमिनी विकल्यात, गाड्या आहेत दारात. बहिणीने भरपाई मागत फिरायचं म्हणजे लाज जाते."

"वहिनी?"

"त्या भावांच्या बाहेर नाहीत."

खालून मशीनचा आवाज येत राहिला. आणि मी म्हणाले, "मी सांगीन."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनीही. तो बाहेर आल्यावर म्हणाला, "तू कशाला? नको पडूस त्यात."

"का नको?"

"तुला त्यांचं काय माहीत आहे?"

"माहीत करून घेईन."

त्याला वाटलं मी मोठ्या मनाने बोलले. माझं मन तेव्हा अजिबात मोठं नव्हतं. त्या दोघांच्या गोष्टीत मला जागा हवी होती आणि हा एवढा एकच दरवाजा उघडा दिसला. मी आत शिरले.

एका रविवारी मी बदलापूर गावात त्यांच्या घरी गेले. जुनं कौलारू पाडून भावांनी बंगला बांधला होता. दारात दोन मोठ्या गाड्या, ओट्यावर सुकत घातलेला जवळा. मोठी वहिनी बाहेर आली. "या ना. ती वर हाय. खाली येवाला वेल लागतो तिला. तुम्हीच जा वर."

मॅडमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खालच्या खोल्या भावांच्या मुलांना दिलेल्या. मी वर गेले तेव्हा त्या खाली येण्याच्या तयारीत होत्या, कारण स्वयंपाकघर खाली. मला म्हणाल्या, "थांबा. मी उतरते कशी ते बघायचंय ना तुम्हाला? बघा."

त्या पहिल्या पायरीवर बसल्या. दुखरा पाय सरळ पुढे टाकला, दोन्ही हात मागे टेकले आणि बसल्या बसल्या खालच्या पायरीवर घसरल्या. मग पुन्हा. लहान मूल उतरतं तसं. ऑफिसात इस्त्रीची साडी नेसून जाणारी बाई ती. आता घरात पंजाबी ड्रेस घालत होती, त्याची मागची बाजू घासून विरली होती. खाली दिवाणखान्यात भाचे टीव्ही बघत होते. कुणी वळून पाहिलं नाही, त्यांना सवय झाली होती.

"वर जाताना?" मी विचारलं.

"तसंच. उलटं."

आम्ही मागच्या अंगणात शेवग्याखाली बसलो. वहिनीने चहा आणून दिला आणि ती आत गेली. मी साक्षीसाठी प्रश्न काढून आणले होते. झोप लागते का, मांडी घालून बसता येतं का, कपडे कोण धुतं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक करून. सण आले की आता त्यांना स्वयंपाकघरात कुणी बोलवत नाही. आईच्या वर्षश्राद्धाला त्या वरच होत्या, ताट वर आलं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडीत काय बोलत होता तुम्ही दोघं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "त्यांनी नाही सांगितलं?"

"नाही."

"मग मी कसं सांगू?"

"मला त्याच्याच तोंडचं ऐकायचं होतं. तो सांगत नाही. मला झोप लागत नाही, मॅडम."

त्यांनी दुखऱ्या पायाखाली हात घालून तो सरळ केला. मग म्हणाल्या, "रागावू नका. मी त्यांना तू म्हटलं तिथे. ए, झोपू नकोस, इकडे बघ, असं. मरायला टेकलेल्या माणसाला अहो-जाहो कोण करतं? ते नंतर राहिलं तोंडात. दोघांच्याही."

"आणि तो?"

"ते रडत होते. मला भीती वाटते म्हणाले. सारखं तेच. मला भीती वाटते, मला भीती वाटते. आईला हाका मारत होते. मी म्हटलं, मलाही वाटते, दोघं मिळून घाबरू या. मग जरा शांत झाले." त्या थांबल्या. "दार कापून काढलं तेव्हा मला म्हणाले, हिला सांगू नकोस मी रडलो. तिला वाटतं मी कशाला घाबरत नाही."

मी उरलेला चहा प्यायले. निवून गार झाला होता. एवढ्या वर्षांत तो माझ्यासमोर कधी रडला नव्हता. त्याचे वडील गेले तेव्हाही नाही. मी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता आणि मी त्याच्या या न घाबरण्यावर विसंबून राहत होते. आता कळलं की तो मला सांभाळत होता आणि त्याला सांभाळायला दुसरी बाई होती, ती माझ्यासमोर शेवग्याखाली बसली होती. हे ऐकून माझी आग शांत व्हायला हवी होती. ती तेव्हा आणखीच भडकली.

मी उठले. त्या म्हणाल्या, "साक्ष देणार ना?"

"देते म्हणाले ना," मी म्हणाले आणि निघाले.

*

कल्याणच्या कोर्टात तारखेला आम्ही भाड्याची गाडी केली. नवरा आता पुढच्या सीटवर बसूच शकत नव्हता, त्याला घाम फुटायचा. मॅडमना मागेच पाय लांब करता यायचा. म्हणून ते दोघं मागे बसले आणि मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. वाटेत कुठूनही गाडी आडवी आली की मागे दोघांचे श्वास एकाच वेळी अडकायचे. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "भाऊ-बहीण का?" मी म्हणाले, "हो."

आधी माझ्या नवऱ्याच्या दाव्यात माझी साक्ष झाली. तो मला कशी हाक मारतो बाथरूममधून, खाली पडलेली किल्ली त्याला कशी उचलता येत नाही, रिक्षाचा हॉर्न जोरात वाजला की कसा दाराची चौकट धरून उभा राहतो. मी एकेक सांगत गेले. तो खाली मान घालून ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते. मॅडम मागच्या बाकावर होत्या आणि मी त्यांच्याकडेही पाहिलं. यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. फोनवर तो ठणक्याची गंमत सांगायचा, किल्लीचं नाही सांगायचा. मला त्या क्षणी आनंद झाला. कोर्टात उभी राहून, नवऱ्याचे हाल सांगताना, मला आनंद झाला.

मग मॅडमच्या दाव्यात माझी उलटतपासणी सुरू झाली. विमा कंपनीचे वकील तरुण होते, फार सभ्यपणे बोलत होते.

"तुम्ही अर्जदार बाईंच्या कोण?"

"कोणी नाही."

"तुमचे पती आणि त्या रोज एकाच गाडीतून जायचे?"

"हो."

"दोघांचे संबंध चांगले आहेत?"

"हो."

"म्हणजे पतीच्या सांगण्यावरून तुम्ही इथे आलात."

"नाही. त्यांचा विरोध होता."

न्यायाधीश साहेबांनी मान वर केली. वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. "मग का आलात?"

"त्या जिना बसून उतरतात," मी म्हणाले. "एकेका पायरीवर. घरातले सगळे बघतात, पण त्यातलं कोणी इथे येणार नाही. मी पाहिलंय म्हणून आले. मला त्या आवडतात असं नाही."

मागे कुणीतरी खोकलं. माझं शेवटचं वाक्य लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. वकीलबाईंनी मात्र बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. "भाभी, झूठी गवाही देनेवाली ऐसा कभी नहीं बोलती."

व्हरांड्यात नवरा माझ्यावर चिडला होता. "किल्लीचं सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"गरज होती म्हणून सांगितलं."

"आणि ते आवडत नाहीत वगैरे?"

"तेही खरं आहे."

मॅडम जवळ आल्या. मला वाटलं दुखावल्या असतील. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता. म्हणाल्या, "तुम्ही यांच्यासाठी बोलत होतात ना, तेव्हा मला इतका हेवा वाटला तुमचा. माझं एवढं बारीक बारीक कुणालाच माहीत नाही."

"चला, गाडी उभी आहे," मी म्हणाले.

*

शेवटी लोकअदालतीत दोन्ही दाव्यांची तडजोड झाली. वकीलबाई म्हणाल्या, ठीक मिळालं, आणखी खेचलं तर आणखी वर्षं जातील. आम्ही ऐकलं. नवऱ्याला कंपनीने बसून करायचं काम दिलं. त्याने गाडीतल्या त्या वेळेबद्दल मला आजवर सांगितलेलं नाही आणि मला माहीत आहे हे मीही त्याला सांगितलेलं नाही. पण हल्ली त्याला दुखलं की मी विचारत नाही, नुसती शेजारी जाऊन बसते. कधी कधी तो म्हणतो, "आज जास्त आहे." पूर्वी एवढंही म्हणत नसे.

मॅडमनी भरपाईच्या आणि भावांकडून अखेर मिळालेल्या जमिनीच्या वाट्याच्या पैशांत तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट घेतला. जिना नको होता त्यांना. फ्लॅट कुणी शोधला असेल? माझ्या नवऱ्याने. कुठे? कात्रपमध्ये, आमच्याच गल्लीत, दूधवाल्याच्या शेजारी. मला कळलं त्या दिवशी मी त्याच्याशी पुरतं भांडले. तो म्हणाला, "तुझीच तर साक्ष होती, तळमजला पाहिजे म्हणून."

आता संध्याकाळी आम्ही तिघं पाय मोकळे करायला जातो. डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितलंय. माझी चाल भरभर आहे. मुद्दाम हळू चालायचं ठरवलं तरी थोड्या वेळाने मी पुढे जाते. ती दोघं मागून येतात, एकाच वेगाने, हा डाव्या पायाने लंगडत, त्याही डाव्याच. कोपऱ्यावर वळून पाहिलं की कशावर तरी बोलत असतात. मी भाजीवालीशी उगाच भाव करत उभी राहते.

परवा मेथीची जुडी हातात घेऊन तशीच उभी होते. दोघं येऊन पोहोचली. नवरा म्हणाला, "किती पुढे पळतेस गं." मॅडम म्हणाल्या, "पळू दे त्यांना, पळता येतंय तर." मी जुडी पिशवीत टाकली. मग मॅडमच्या हातातली दुधाची पिशवीही घेतली, कारण त्यांना काठी धरायला हात मोकळा लागतो, आणि त्यांच्यामधून वाट काढत मध्ये चालू लागले. तिघांना ती गल्ली अरुंद पडते. कुणी मागे राहिलं नाही, त्यामुळे मागच्या रिक्षावाल्याने बराच वेळ हॉर्न वाजवला, आणि नवऱ्याने दाराच्या चौकटीऐवजी माझा दंड घट्ट धरला.